धाकटीशी बांधलेली मी

मी एक जुनी आवृत्ती आहे, मित्रांनो, आणि तीही पहिली. दूरदेशी एका गिरणीच्या गावात, लढाईच्या दिवसांत, एका तरुण पाद्र्याने बायबलमधल्या एका पत्रावर भाष्य लिहिलं, ते मी. गावातली मुलं लढाईत मरत होती आणि दर रविवारी त्यांच्या आयांसमोर काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं. त्या तळमळीतून माझा जन्म झाला.

लोकांनी कौतुक केलं, पण त्याला मी पटेना. थोड्याच वर्षांत त्याने तेच भाष्य पार नव्याने लिहिलं. ती माझी धाकटी. जगभर गाजली मेली! मी मात्र कुठल्याशा पाद्र्याच्या पेटीतून, कसरींना खाऊ घालत, रायपूरला पोचले.

इथे समता कॉलनीतल्या ज्ञानदाने मला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं. नाव मोठं होण्याआधी मला लिहिणारा कसा विचार करायचा, याचा ती अभ्यास करत होती. माझं एकेक पान ती त्या गावातले संप, त्याची प्रवचनं यांच्याशी ताडून बघायची. काय सुखाचे दिवस होते! मग कुरियरने धाकटी आली. ज्ञानदा तिच्यातच रमली आणि माझ्यावर चहाचा कप ठेवू लागली.

तिचा नवरा भार्गव म्हणाला, "ज्यानं लिहिलं त्यालेच आवडलं नाही, तू काहून जपून राहिली? दे रद्दीत."

"तुझे केस होते तेव्हाचे फोटोपण देऊ का मग?"

भार्गवने टकलावरून हात फिरवला. पण कप काही हलला नाही.

माझी शिवण सुटली, धाकटीचं कव्हर निघालं. ज्ञानदाने दोघींना सदर बाजारात बाइंडरकडे दिलं. त्याने आम्हाला एकाच पुठ्ठ्यात शिवलं!

"अरे भैया, ये दो किताबें हैं!"

"नाम एक, लिखनेवाला एक. मैं समझा दो भाग हैं, दीदी. खोल दूँ? पर पुरानीवाली के पन्ने फट जाएँगे."

ज्ञानदा माझ्याकडे बघत राहिली. माझा जीव दोऱ्यात अडकला होता.

"रहने दो," ती म्हणाली.

आता वाचताना तिचं एक बोट माझ्यात असतं, एक धाकटीत. मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, कुणी पुढे मोठं झालं म्हणून त्याचं आधीचं बोलणं टाकून देऊ नका. ते बोलणं कुणासमोर उभं राहून केलं होतं, ते तरी बघा.

धाकटीकडे जायला ज्ञानदाला माझी पानं उलटावी लागतात. कधीकधी ती वाटेतच थांबते.