नानांच्या हातचा सांधा

कोरीटच्या गिरधर नानांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता. त्यांनी जोडलेली नळी गळत नसे. ठिबक असो, फवारणीचा पंप असो नाहीतर ट्रॅक्टर असो, नानांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर क्लिप आवळली की विषय संपला. कोणी शंका काढलीच तर नाना त्याच्याकडे असे बघत, की तो बिचारा स्वतःच्या घरची गळती आठवून गप्प बसे.

म्हणून सून ममता जेव्हा म्हणाली, की कॉम्प्युटर पाण्यानं थंड करायचा आहे, तेव्हा नानांची बायको शोभाबाई कपाळाला हात लावून बसली. "वीज नि पानी एक करी ऱ्हायनी हाई पोर!" नानांनी मात्र लगेच पान्हा काढला.

ममताला दुसरा इलाजच नव्हता. ती कॉम्प्युटरवर साड्यांची चित्रं करायची, निरी न् निरी खरी वाटावी अशी. सुरतेच्या एका कापडवाल्यानं तिच्याकडून नमुना मागवला होता. जमला तर घरबसल्या कायमचं काम. पण मे महिन्यात वरच्या पत्र्याच्या खोलीत मशीन तापून दोनदा अर्ध्यावर बंद पडली. त्या खोलीत पूर्वी मिरचीची पोती असत. पंखे वाढवावेत तर ती तिखट धूळ ओढून तेच गच्च व्हायचे, आणि साफ करणारा शिंकून बेजार. कापडवाल्यानं आता निक्षून सांगितलं होतं, आज संध्याकाळी सहापर्यंत चित्र आलं नाही तर दुसरं कोणीतरी बघू.

तर सासऱ्या-सुनेनं जुळणी केली. मशीनच्या मेंदूवर बसवायला ममतानं तांब्याचा एक ठोकळा मागवला, त्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक चिरा. नंदुरबारच्या भंगारातून जुन्या गाडीचा छोटा रेडिएटर आला. कूलरचा पंप आला, गवंडी लेव्हल बघतात ती पारदर्शक नळी आली आणि लोणच्याची बरणी टाकी झाली. बरणीत बॅटरीचं शुद्ध पाणी. ठोकळ्याची नळी बारीक नि रेडिएटरची जाड, तो सांधा अर्थातच नानांनी केला.

दुपारी ममतानं काम सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा होता. "नाना, आकडा नव्वदजोडे गया ते माले हाक मारा," असं सांगून ती खाली ओट्यावर जेवायला गेली. नव्वदच्या पुढे मशीन आपोआप बंद पडणार, आणि बंद पडली की चित्र पहिल्यापासून. तेवढा वेळ आता हातात नव्हता.

आकडा अडुसष्टवर शांत बसला होता. नाना खूश होऊन आपला सांधा न्याहाळायला वाकले, आणि त्यांना सांध्याखाली थेंब दिसला. थेंब हळूहळू फुगला, नळीवरून घसरला आणि मशीनच्या मागे नाहीसा झाला. लगेच दुसरा तयार.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन जळेल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर ममता वर येऊन तो थेंब बघेल, याची भीती जास्त होती.

मग त्यांनी तेच केलं, जे ट्रॅक्टरचा रेडिएटर गळला की ते वीस वर्षं करत आले होते. पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, शोभाबाईच्या मिसळणाच्या डब्यातून चमचाभर हळद काढली आणि वर येऊन बरणीत ढवळली. नळी पिवळी झाली. थोड्या वेळात थेंब थांबला. नानांनी धोतराला हात पुसले.

आकडा एकाहत्तर झाला. ऊन वाढलं असेल, असं नानांनी स्वतःला समजावलं. मग शहात्तर. मग ऐंशी. नळीतलं पिवळं पाणी सुस्तावून पुढे सरकत होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे नानांना तेव्हा कळलं. त्या केसाएवढ्या चिरांत हळद बसली होती. हाक मारायची तर काय सांगायचं? अजून नव्वद कुठे झालेत, म्हणत ते आकड्याकडे बघत राहिले. शहाऐंशी झाले तसे ते जिन्याकडे धावले.

"ममता!"

ती खरकट्या हातानं धावत आली. पिवळी नळी बघून दारातच थबकली. "नाना, हाई काय?"

"हळद," नाना म्हणाले. "सांधा गळी ऱ्हायंता. ट्रॅक्टरमां टाकतस तशी टाकी दिनी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त काम आहे तिथं थांबवून धरलं आणि पंप बंद केला. "बॅटरीनं पानी आखो शे का?"

"ट्रॅक्टरनं शे!" ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी ठेवलेलं पाणी आणायला साठीतले नाना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

ते परत आले तेव्हा आकडा थोडा उतरून पुन्हा चढायला लागला होता. ममतानं ठोकळ्याच्या नळ्या काढल्या होत्या. खाली टॉवेल नि लोटा धरलेला. "उलटं फुका नाना, जोरमां!"

नानांनी नळी तोंडात धरून फुंकलं. काहीच हललं नाही. "आखो!" त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दुसऱ्या टोकातून पिवळा गाळ भसकन लोट्यात पडला. आकडा सत्त्याऐंशी. आणखी एकदा. ममतानं नळ्या बसवल्या, नवं पाणी ओतलं, पंप लावला. नळीत हवेचा एक बुडबुडा अडला, सरकला, पुन्हा अडला. एकोणनव्वद.

मग चौऱ्याऐंशी. शहात्तर. ममतानं काम पुढे सुरू केलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

सांडलेलं पुसायला नाना मशीनच्या मागे वाकले. तिथे जुन्या साडीची एक चिंधी नळीला बांधलेली होती, तिचं टोक खाली एका वाटीत सोडलेलं. वाटी अर्धी भरली होती. सकाळी पंप लावून पाहिला तेव्हापासूनच सांधा गळत होता.

"तुले माहीत व्हतं?"

ममतानं मान हलवली.

"मंग माले सांगं काबरं नही?"

"तुमना हातना सांधा व्हता, नाना."

नानांनी ती चिंधी बोटानं चाचपली. आपल्या नळ्या कधी गळत नाहीत, की गळतात असं आपल्याला कोणी सांगतच नाही? हळद धुऊन गेली तशी गळती पुन्हा सुरू झाली होती. ते स्टूल ओढून तिथेच बसले, आणि दुपारभर आपल्याच सांध्याची वाटी ओतत राहिले.

सहाला थोडा वेळ असताना चित्र सुरतेला गेलं. दिवेलागणीला मोबाइल वाजला. ममतानं निरोप वाचला, पुन्हा वाचला आणि पदर डोळ्यांना लावला. "सोमवारपाईन काम दिनं, नाना."

नाना हसले. मग पान्हा घेऊन मशीनजवळ गेले. "आते सांग. कसा शे मन्हा सांधा?"

ममतानं खाली बघितलं. सासऱ्याला असं कसं म्हणायचं? नाना थांबून राहिले.

"कच्चा शे, नाना."

"हां," म्हणून त्यांनी क्लिप सोडवायला घेतली.