हनुवटीखालचं लिंबू

"प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे असतात, हे त्या पोरीला कुणी शिकवलंय की नाही?"

आवाज मागच्या बाकावरून आला. म्हणायला ती कुजबुज होती. पण शेजारच्या अतेथाची कुजबुज अशी, की समोर पाळकसुद्धा 'आमेन'वर जरा लवकर येत. उनाइसीनं मांडीवर पाहिलं. तिची चार वर्षांची नात केलेरा गाढ झोपली होती. तोंड उघडं, लाळ गळतेय, आणि दोन्ही डोळे अर्धे उघडे. मलमानं चकाकणारे ते डोळे नेमके अतेथावर रोखलेले होते.

"झोपलीये ती," उनाइसी मान न वळवता म्हणाली.

"झोपलीये? मग माझ्याकडे का बघतेय?"

"तेच कळत नाही गं. बघण्यासारखं काय आहे तुझ्यात?"

सुव्याच्या, म्हणजे राजधानीतल्या, डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पोरीच्या पापण्या जन्मापासून लुळ्या, त्या आता कपाळाच्या स्नायूला आतून दोऱ्यानं बांधल्यात. नव्या आहेत, ताठ आहेत, झोपेत पूर्ण मिटणार नाहीत. मलम घाला, चोळू देऊ नका, धूळ आणि ऊन लागू देऊ नका. उनाइसीनं नावाऊ गावात परत आल्यावर हे घरोघरी सांगितलं होतं. ऐकताना सगळ्यांनी मान डोलावली, पोरीचा गाल कुरवाळला, देवाचे आभार मानले, आणि ती उंबऱ्याबाहेर पडताच ऐकलेलं सगळं उंबऱ्याच्या आत ठेवून दिलं.

तसं म्हटलं तर गावाचं आणि केलेराचं कधी जमलंच नव्हतं. पापण्यांच्या पडद्याखालून जग बघायचं तर पोरीला मान मागे टाकून हनुवटी वर करावी लागे. आणि नावाऊत थोरामोठ्यांसमोर मान खाली घालतात. घालतात म्हणजे काय, वाकून, गुडघ्यांवर, माफी मागत जातात. तिथं हे रांगतं पोर कारभाऱ्यांपासून पाळकांपर्यंत सगळ्यांकडे नाक वर करून बघायचं. "राणीसरकार आल्या," लोक म्हणत. म्हातारे हसत, पण त्या हसण्याला दात असत.

भर म्हणून भुवया. पापणी उचलत नाही म्हणून पोर भुवया ताणून धरायची, आणि आमच्याकडे भुवया वर करणं म्हणजे 'हो'. त्यामुळे केलेरा जन्मल्यापासून सगळ्या गावाला हो म्हणत आली. अतेथानं एकदा विचारलं, "तुझं डुकराचं पिल्लू नेऊ का गं?" भुवया वर. पिल्लू गेलं. नंतर तीन घरं ऐकतील असं पोर रडली. पण होकार दिला होता, साक्षीदार होते. पिल्लू अतेथाच्या आवारातच मोठं झालं.

आता डोळे उघडले. पण मान? चार वर्षांची सवय ती, सुरीनं थोडीच सुटते. समोरचं स्वच्छ दिसत असूनही हनुवटी आपली आभाळाकडे.

त्यात काळ्या चष्म्याची भानगड झाली. डॉक्टरीणबाईंनी उन्हासाठी छोटा काळा चष्मा दिला होता, आणि गावात टोपी नि काळा चष्मा घालून फिरायची बंदी. प्रमुखाचा अपमान होतो. कारभाऱ्यांनी सभा भरवली. यांगोनाचं, म्हणजे मुळ्यांच्या गुंगीच्या पेयाचं, मोठं परातीएवढं भांडं मळून झालं, रिकामं झालं, पुन्हा मळून झालं. एकानं सुचवलं, चष्मा घालावा पण डोळे मिटून. दुसऱ्यानं आठवण करून दिली, की मिटत नाहीत तीच तर अडचण आहे. शेवटी उनाइसीचा धाकटा दीर अपेनिसा, जो घराण्याच्या वतीनं सगळीकडे भाषणं करतो आणि ज्याला बोलताना कुणी थांबवलेलं कुणाच्या स्मरणात नाही, त्यानं तोडगा काढला. चालणाऱ्या माणसाला चष्म्याची बंदी. उचलून नेलेलं पोर माणसात धरायचं नाही, सामानात धरायचं. सामानाला नियम नाही.

सभेनं टाळ्या वाजवल्या. उनाइसीचे गुडघे कुणी विचारात घेतले नाहीत. त्या दिवसापासून ऊन असेपर्यंत ती नातीला कडेवर घेऊन फिरू लागली, आणि नात काळा चष्मा लावून, नाक वर करून, कडेवरून गावाची पाहणी करू लागली. राणीसरकारांना आता पालखीही मिळाली.

रात्री मात्र दोघींचं गूळपीठ असे. उनाइसी आपल्या मुलाचे, सेकोवेचे, जुने फुटबॉलचे मोजे पोरीच्या हातांवर चढवी, झोपेत डोळे चोळू नयेत म्हणून. मग मलमाची नळी.

"बुंबू," केलेरा आजीला म्हणाली, "गार लागतं."

"गार लागलं की समजायचं, औषध कामाला लागलं."

"झोपले तरी मला दिसेल?"

"नाही गं राणी. डोळे उघडे राहतात, तू आत जातेस."

"मग तू दिसणार नाहीस?"

"मी इथंच असते. न दिसायला मी काय पाळकांनी सांगितलेलं स्वर्गसुख आहे?"

केलेराला काही कळलं नाही, पण आजी हसली म्हणून तीही हसली, आणि हसता हसता अर्ध्या उघड्या डोळ्यांनी झोपली. उनाइसी त्या दोन चकचकीत फटींकडे बघत बसली. अतेथाला त्यात आगाऊपणा दिसतो. उनाइसीला दिसायची ती टाके घातलेली कपाळाची कातडी, दिवसागणिक पिवळी पडत चाललेली सूज.

हे सगळं निभलं असतं. पण तोंड दाखवायचं राहिलं होतं.

पोर झालं की बापाकडच्यांनी ते आईच्या गावी न्यायचं, चटया, झाडाच्या सालीचं कापड, देवमाशाचा दात पुढे ठेवायचा आणि आजोळच्या प्रमुखाला पोराचं तोंड दाखवायचं. तोवर पोर आजोळच्या उंबऱ्याला परकं. केलेराची आई लोसेना खाडीपलीकडच्या कोरोसाऊची, तिथल्या प्रमुखाची, रातू एमोसींची सख्खी पुतणी. पण असल्या डोळ्यांची पोर रातूंपुढे कशी न्यायची? म्हणून आज नको उद्या करत तोंड दाखवणं चार वर्षं लांबलं. आता टाके निघाले, निमित्त संपलं.

"न्यायलाच हवं," एका संध्याकाळी अपेनिसा चटईवर मांडी घालत म्हणाला. "पण नुसतं नेऊन चालणार नाही. मी एक जास्तीचा दात नेणार आहे. माफीचा."

"कसली माफी?" उनाइसीनं विचारलं. तिला माहीत होतं कसली.

"वहिनी, लोक काय म्हणतात ते तू ऐकतेस. आपला सेकोवे, बायको पोटुशी असताना, कासव मारायला गेला होता. आणि तू? रविवारी शिवण घेऊन बसायचीस. रक्तातला दोष आपल्याकडून गेला, हे आपणच आधी कबूल केलं की मोठेपणा राहतो."

"शिवण तिचीच झबली होती रे. आणि कासवाला सेकोवे दिसलासुद्धा नाही. रिकामाच आला होता परत."

"कबूल करायला काय जातं?"

काय जातं ते अपेनिसाला कळणारं नव्हतं. एकदा चारचौघांत दात पुढे ठेवून माफी मागितली, की ती मिटत नाही. केलेरा मोठी होईल, शाळेत जाईल, लग्नाची होईल, आणि दोन्ही गावांत ती कोण? जिच्याबद्दल माफी मागितली होती ती.

लोसेना कोपऱ्यात नारळ खवत होती. तिनं मान वर केली, तोंड उघडलं, परत मिटलं, आणि दुसरा नारळ घेतला. ही सून ज्या दिवशी बोलायची नाही, त्या दिवशी घरात नारळ फार खवले जात. त्या रात्री अळूची पानं नारळाच्या रसात पोहत होती.

"तुझे काका रागावतील का गं?" उनाइसीनं नंतर तिला विचारलं.

"रातू कुणावर रागावत नाहीत, आई."

तेही खरं. रातू एमोसींची ख्यातीच तशी. नाही म्हणणं त्यांना ठाऊक नाही. एकाच जमिनीवर भांडणारे दोन भाऊ त्यांच्याकडे गेले, दोघंही होकार घेऊन परतले. खटला अजून चालू आहे, पण रातूंच्या थोर मनाबद्दल दोघांचं एकमत आहे. मान कशी ताठ, म्हणे. पर्वतासारखी बैठक. उनाइसीनं त्यांना सेकोवेच्या लग्नात पाहिलं होतं, म्हणजे त्यांचे पाय पाहिले होते. कोरोसाऊत रातूंच्या गुडघ्यांच्या वर कुणी बघत नाही. त्यांच्या डोक्याबद्दल तर बोलायचीसुद्धा चोरी. केस कापणारा कात्री लावण्याआधी हात जोडून माफी मागतो.

तेव्हा निदान पोरीची मान तरी खाली राहायला हवी. उनाइसीनं झाडाचं हिरवं लिंबू तोडलं आणि पोरीच्या हनुवटीखाली ठेवलं.

"हे पाडायचं नाही. पडलं नाही तर बिस्किट."

"आणि पडलं तर?"

"तर परत ठेवायचं."

गावाला खेळच मिळाला. येता जाता जो तो "हनुवटी!" म्हणून ओरडे. अतेथा कुंपणावरून ओरडे, कारभारी होडीतून ओरडत. केलेराची मान खाली राही बिस्किटापुरती. मान दाबून जेवायला बसवली की पूर्वीसारखीच ताटाशेजारी तळहात थापटत कसावा शोधायची, जणू अजून दिसतच नाही. मग कंटाळून मान मागे टाकायची, नाकाच्या शेंड्यावरून ताटात बघायची आणि बरोबर मोठा तुकडा उचलायची. ते थापटणं उनाइसीला पाठ होतं. चार वर्षं तिनं तो छोटा हात चटईवर असा फिरताना पाहिला होता.

ठरल्या दिवशी होडी कोरोसाऊला लागली. केलेराला सालीच्या कापडात गुंडाळलं होतं, केसांना खोबरेल, गळ्यात फुलांची माळ, आणि माळेच्या आड हनुवटीखाली लिंबू. तोंड दाखवायला आणलेल्या पोरीला "तोंड खाली, तोंड खाली" म्हणून वाटभर बजावत आणलं होतं. त्यातली गंमत अपेनिसाच्या ध्यानात आली नाही.

मोठ्या घरात सगळे चटयांवर बसले. समोर रातू, त्यांच्या उजव्या हाताला त्यांच्या वतीनं बोलणारा, त्यांचा बोलका मानकरी. उनाइसी बायकांमध्ये मागे, नजर चटईवर. लोसेना तिच्या शेजारी. केलेरा एकटी मध्ये, अपेनिसाच्या पुढ्यात.

अपेनिसा उठून गुडघ्यांवर आला. चटयांबद्दल बोलला, सालीच्या कापडाबद्दल बोलला, वाऱ्याबद्दल आणि दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांबद्दल बोलला. मग पिशवीतून त्यानं दुसरा दात काढला. आवाज जड केला.

"आणि आता, रातू, या लेकराच्या अंगी आमच्या रक्तातून जो दोष..."

लिंबू पडलं.

पोरीला बघायचं होतं. इतके जण ज्याच्यासाठी इतकं बोलतात तो माणूस आहे तरी कसा, एवढंच. हनुवटी उचलली गेली आणि लिंबू चटईवरून गडगडत थेट रातूंच्या पायाशी जाऊन थांबलं.

रातू हसले. पाहुणीचं लिंबू आहे, आपणच उचलून द्यावं, असं त्यांच्या मनात आलं असावं. ते वाकले, मान खाली घातली, हात पुढे केला. हात लिंबाच्या डावीकडे पडला. मग उजवीकडे. तळहात चटईवर थापटू लागला, हळूहळू, सवयीनं.

उनाइसीनं आयुष्यात पहिल्यांदा प्रमुखाच्या गुडघ्यांच्या वर पाहिलं.

तेवढ्यात केलेरा उठून त्यांच्याजवळ गेलीही होती. "असं नाही," ती समजावत म्हणाली, जाणत्या माणसानं नवख्याला सांगावं तशी. "वाकलं की काळोख होतो. मान वर कर. मग नाकावरून बघ." आणि तिनं दोन्ही हात रातूंच्या हनुवटीखाली घालून त्यांचं डोकं मागे ढकललं.

"डोक्याला हात!" बोलका मानकरी ताडकन उठला. "कुणाची कार्टी ही? कुणी शिकवलं हिला?"

अपेनिसा चटईवर पालथा झाला. "माफी, रातू, माफी! दोष आमच्या रक्ताचा..."

उनाइसीनं शेजारी पाहिलं. लोसेनाची मान खाली होती आणि बोटं चटईची किनार खवत होती, खसाखसा, नारळ खवावा तशी. म्हणजे हिला ठाऊक होतं. या घरातल्या प्रत्येकालाच ठाऊक होतं.

आणि रातू? मान मागे, भुवया कपाळात चढलेल्या, पापण्यांच्या दोन बारीक फटींतून ते पोरीकडे बघत होते. पोर त्यांच्याकडे बघत होती. दोघांची नाकं वर. चेहरा तोच, एक लहान, एक म्हातारा.

"दुखलं का गं?" रातूंनी हलक्या आवाजात विचारलं. "डोळ्यांचं केलं तेव्हा?"

"गार लागतं," केलेरा म्हणाली. "मग बुंबू मोजे घालते."

बोलका मानकरी तिच्या दंडाला धरायला वाकला. उनाइसी उभी राहिली. बायका उभ्या राहत नाहीत तिथं, आणि तिच्या गुडघ्यांनाही ते जड गेलं, पण राहिली.

"हात लावू नका तिला," ती म्हणाली. "आणि अपेनिसा, तो दात पिशवीत ठेव. या पापण्या आपल्या घरच्या नाहीत, याच घरच्या आहेत. ही पोर कधी उर्मट नव्हती, हिला दिसत नव्हतं. आणि रातूंनाही दिसत नाही. त्यांची मान ताठ म्हणता ना, ती त्यासाठीच वर असते. इतकी वर्षं तुम्ही सगळे खाली बघत बसलात. त्यांना सुव्याला न्या. बोट गुरुवारी आहे, आणि मलम मी आणलंय."