सहाव्या नंबरची सुरई

मी एक सुरई बोलतेय. मातीची नव्हे, काचेची. लांब मान, रुंद पोट आणि डोक्यावर काचेचंच बूच. आम्ही एकूण सहा जणी. एकाच कारागिराने एकाच भट्टीपुढे फुंकून घडवलेल्या, आणि इतक्या सारख्या की आमची आम्हालाही ओळख पटू नये. या सारखेपणासाठीच आम्हाला विकत घेतलं गेलं.

भट्टीची आठवण आता पुसट झाली आहे. कारागिराचे फुगलेले गाल तेवढे आठवतात. त्याने श्वास दिला म्हणून मला पोट आलं. त्यात काय भरायचं हे मात्र नेहमी दुसऱ्यांनीच ठरवलं.

आम्हाला घेतलं दातांच्या डॉक्टरांनी. तिसऱ्या मजल्यावर घर, दुसऱ्यावर दवाखाना, आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या मित्राचं चष्म्याचं दुकान. गल्लीतले लोक गमतीने म्हणायचे, खाली डोळे करून घ्या आणि वर जाऊन दात. दोघेही तरुणपणी एकाच वर्षी या इमारतीत आले, आणि दोघांना एकच वेड लागलं. जुन्या पोर्टचं.

पोर्ट म्हणजे द्राक्षांची गोड आणि कडक वाइन. एखाद्या वर्षी पीक फार उत्तम आलं, तर त्या एका सालची वाइन वेगळी बाटल्यांत भरतात आणि पंचवीस-तीस वर्षं अंधारात आडवी निजवतात. तिथे ती मुरते, मवाळ होते, आणि तिच्या तळाशी काळा गाळ धरतो. म्हणून ती बाटलीतून थेट पेल्यात घेत नाहीत. बाटलीच्या मानेमागे दिवा धरून हळूहळू आमच्यात ओततात आणि गाळ मानेपर्यंत आला की हात थांबवतात. हे ओतण्याचं काम डॉक्टरीणबाईंचं. त्यांचा हात कधी हलला नाही.

वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, या मंडळींची ओळखपरीक्षा असायची. मंडळी म्हणजे डॉक्टर, चष्मेवाले, एक निवृत्त न्यायाधीशबाई आणि एक छापखानेवाले. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात सहा बाटल्या सहा सुरयांत ओतायच्या, रिकाम्या बाटल्या कपाटात दडवायच्या आणि आमच्या गळ्यात एक ते सहा नंबरांच्या चिठ्ठ्या बांधायच्या. मग आम्ही टेबलावर जायचो. मंडळींनी हुंगायचं, चाखायचं आणि साल ओळखायचं.

जिंकायचे नेहमी चष्मेवाले. त्यांना मंडळींनी नावच ठेवलं होतं नाकोजीराव. ते पेला हुंगायचे, डोळे मिटायचे आणि सुकलेल्या अंजिरांविषयी, पावसात भिजलेल्या लाकडाविषयी असं काही बोलायला लागायचे की बाकीच्यांना स्वतःच्या पेल्यातही तोच वास येऊ लागे. मग साल सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर. डॉक्टर हसून टाळी द्यायचे, पण मी टेबलावरून त्यांचा दुसरा हात पाहायचे. तो मांडीवर मूठ वळून बसलेला असायचा.

माणसाचं असंच असतं. शत्रू जिंकला तर राग येतो आणि जातो. मित्र वर्षानुवर्षं जिंकत राहिला तर आतल्या आत गाळ साचत जातो.

मंडळींनी एका थोर सालच्या पोर्टची एक पेटी भागीदारीत घेतली होती. ते साल डॉक्टरांच्या मुलीच्या जन्माचं. दरवर्षी परीक्षा जिंकणाऱ्याने त्यातली एक बाटली कधी आणि कोणासोबत उघडायची ते ठरवायचं, असा नियम. होता होता पेटीत एकच बाटली उरली, आणि त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं. डॉक्टरांच्या मनात होतं की ती लग्नात उघडावी. ही गोष्ट नुसती बोलून दाखवली असती तर तिघांपैकी कोणीही नाही म्हटलं नसतं. पण मागायचं म्हणजे नाकोजीरावांकडे मागायचं, आणि ते डॉक्टरांच्या जिवावर येत होतं.

त्यातच त्यांना एक शंका आली. गेली दोन वर्षं चष्मेवाले पेला नाकाशी नेतात खरे, पण त्याआधी पांढऱ्या रुमालासमोर तिरका धरून कितीतरी वेळ बघत बसतात. जुनी पोर्ट विटकरी दिसते आणि तरुण पोर्ट शाईसारखी जांभळी. डॉक्टर बायकोला म्हणाले, हा नाकाने नाही, डोळ्यांनी ओळखतो. सोंग करतो वासाचं.

"मग ओळखू दे की," बाई म्हणाल्या. "तुमचं काय जातंय? गप्पा तर छान मारतात."

डॉक्टरांना गप्पा नको होत्या. त्यांनी कुठून तरी काळ्या काचेचे पेले मागवले. आत काय आहे याचा रंग कोणालाच दिसू नये असे. आणि त्या वर्षी म्हणाले, ओतायचं मी बघतो, तू आज बस निवांत.

पाच सुरयांत त्यांनी नीट पोर्ट ओतली. सहावी मी. माझ्यात त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली, प्लॅस्टिकच्या झाकणाची गोड लाल वाइन ओतली. लोक ती स्वयंपाकात घालतात. जळलेल्या साखरेचा वास होता तिला. एखादं लहान मूलही नाक मुरडून बाजूला झालं असतं.

चष्मेवाले आले ते नेहमीसारखेच, हातात डॉक्टरीणबाईंसाठी फुलं आणि तोंडात एक शिळा विनोद घेऊन. टेबलावरचे पेले पाहून म्हणाले, "हे काय रे? पेल्यांना गॉगल घातलेस?"

सगळे हसले. मग त्यांनी सवयीने पहिला पेला रुमालासमोर तिरका धरला. काचेत फक्त खिडकी दिसत होती. ते क्षणभर तसेच थांबले. मी त्यांच्या अगदी समोर होते. त्यांचा चेहरा उतरला नाही की रागावलाही नाही. आवडत्या रस्त्याने चालताना पुढे भिंत लागावी तसा झाला. त्यांनी डॉक्टरांकडे एकदा पाहिलं, आणि पेला खाली ठेवला नाही.

पाचही चाखल्या. दोन अंदाज दिले, दोन वेळा कळत नाही म्हणाले, एकदा विनोद केला. मग मी. त्यांनी डोळे मिटले आणि बोलू लागले. ही सगळ्यांत जुनी असावी, म्हणाले. सुकलेलं अंजीर, जुन्या कपाटाचं लाकूड, शेवटी थोडं चॉकलेट. शब्द फार सुंदर होते. ते कुठल्या तरी दुसऱ्या, खूप वर्षांपूर्वीच्या पेल्याचे होते.

न्यायाधीशबाई खालच्या आवाजात म्हणाल्या की सहावी त्यांना पोर्टच वाटत नाही. तेव्हा डॉक्टर उठले आणि कपाटातून ती प्लॅस्टिकच्या झाकणाची बाटली काढून टेबलाच्या मधोमध ठेवली. छापखानेवाले आधी मोठ्याने हसले. मग एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबले.

"नाकोजीराव," डॉक्टर म्हणाले, "आज नाक घरी विसरलास की काय?"

"हो," चष्मेवाले म्हणाले. "विसरलो असेन."

त्यांनी कोट घातला, वहिनींचे आभार मानले आणि जिना उतरून गेले. घाई केली नाही. दारही आपटलं नाही. त्या दुपारी न्यायाधीशबाई जिंकल्या आणि त्यांनी लगेच सांगून टाकलं की शेवटची बाटली मुलीच्या लग्नात उघडा, त्यात विचारायचं काय. डॉक्टरांना जे हवं होतं ते सगळं मिळालं.

लग्नाचं आमंत्रण डॉक्टरीणबाई स्वतः खाली जाऊन देऊन आल्या. दोन दिवसांनी चष्मेवाल्यांची बायको वर आली. बसली नाही. मी कपाटावर होते, म्हणून जे झालं ते सगळं ऐकलं.

तिने सांगितलं की त्यांना येणं जमणार नाही, मुलीला आशीर्वाद कळवा. मग जरा थांबून म्हणाली की मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मोठा ताप आला होता, त्यात त्यांचा वास गेला तो गेलाच. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, परत यायचा नाही. एकदा घरात गॅस चालू राहिला होता, तर हे त्यातच पेपर वाचत बसले होते. ती स्वतः वेळेवर बाजारातून आली म्हणून वाचले. नातू आला की त्याचं डोकं हुंगतात आणि मग पुन्हा एकदा हुंगून बघतात.

"मला सांगायचं तरी," डॉक्टर म्हणाले.

"काय सांगायचं होतं, भावजी? नाक नसलेला माणूस तुम्ही मंडळात ठेवला असता? त्यांना वाटलं, नाही ठेवणार. वर्षातून एक दुपार तुमच्यात बसायला मिळावं म्हणून रंगांवरून सालं पाठ करत होते ते."

डॉक्टरांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"तुम्हाला शंका आली ना, तेव्हा खाली उतरून एक प्रश्न विचारायचा," ती म्हणाली. "तुम्ही पेले विकत आणलेत."

ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी काळे पेले एका खोक्यात भरले आणि कचऱ्यात टाकून आल्या. नवऱ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, जाऊन या. डॉक्टर म्हणाले, बघू.

लग्न झालं. शेवटची बाटली डॉक्टरांनी सर्वांसमोर उघडली. बूच हातात आलं ते ओलसर आणि बुरशी धरलेलं. वाइन माझ्यात उतरू लागली तसं मला कळलं, आणि डॉक्टरांनाही. ती नासली होती. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास. पण सगळे पेले पुढे आले होते, मुलगी हसत उभी होती आणि फोटो काढणारा थांबला होता. डॉक्टरांनी सगळ्यांना ओतली.

पाहुण्यांनी चव घेतली. कोणी म्हणालं, वा, काय सुगंध. कोणी म्हणालं, जुनं ते सोनं. धडधाकट नाकांची माणसं होती सगळी. न्यायाधीशबाईंनी एक घोट घेतला आणि पेला शांतपणे टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी मात्र आपला पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मुलीने विचारलं, चष्मेकाका का नाही आले? ते म्हणाले, त्यांना बरं नाही.

त्यानंतर परीक्षा झाली नाही. छापखानेवाल्यांनी छापखाना विकला, न्यायाधीशबाई बहिणीकडे राहायला गेल्या. माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. एक नळाखाली तडकली, एक मोलकरणीच्या हातून सुटली, उरलेल्या मुलीने नव्या घरी नेल्या. मी कपाटावरच राहिले. माझ्या पोटात लग्नातल्या वाइनचं तपकिरी वर्तुळ वाळून बसलं आणि त्यावर धूळ. डॉक्टरांना चष्मा लागला तेव्हा ते तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून करून आले. जिन्यातून उतरताना खालच्या दुकानाची काच आली की खिशात किल्ल्या शोधायचे.

डॉक्टरीणबाई गेल्या. त्यांच्या मागे घर फार मोठं झालं. चष्मेवाले आणि त्यांची बायको शेवटच्या निरोपाला आले होते म्हणे, मागच्या रांगेत उभे राहून परत गेले. हे मुलीने डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला खाली उतरवलं.

तांदूळ आणि व्हिनेगर घालून त्यांनी मला इतकं हलवलं की माझं सगळं पोट स्वच्छ झालं. मग घरातली सगळ्यांत चांगली बाटली उघडून माझ्यात ओतली. बाईंसारखा हात नव्हता, थोडा गाळ आलाच. मला छातीशी धरून, कठड्याला टेकत टेकत ते जिना उतरले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाले लहानशा स्क्रूड्रायव्हरने कोणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होते. त्यांनी मान वर केली आणि उठून उभे राहिले.

"या डॉक्टर. बसा."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून डॉक्टरांना 'तुम्ही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनीही नसणार. ते म्हणाले, "अरे, चुकलं माझं."

"बसा ना. नंबर तपासायचाय का?"

आणि खरोखरच त्यांनी तपासला. डॉक्टरांच्या नाकावर जड फ्रेम ठेवून एकेक भिंग बदलत विचारत गेले, आता कसं, आता बरं का. अक्षरं वाचता वाचता डॉक्टरांचा आवाज भरून आला. चष्मेवाल्यांनी भिंगं पुसायचा मऊ कपडा पुढे केला, तोंड दुसरीकडे करून थांबले, आणि मग पुढची ओळ विचारली. शेवटी म्हणाले, मोतीबिंदू धरतोय, मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या. अगदी आपुलकीने म्हणाले. सगळ्यांनाच म्हणतात तसं.

डॉक्टर माझ्याकडे हात दाखवून म्हणाले, "तुझ्यासाठी आणली होती."

"ठेवा तिकडे."

डॉक्टर गेल्यावर चष्मेवाल्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि उजेडासमोर धरलं. खूप वेळ बघत राहिले. मग एक साल पुटपुटले. ते बरोबर होतं. त्यानंतर मागच्या बेसिनमध्ये त्यांनी मला उपडी केली.

डॉक्टर पुन्हा आले नाहीत. मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं, वरचं घर बंद असतं. मी आता काउंटरच्या कडेला असते, गिऱ्हाइकांसाठी पिण्याचं पाणी भरून. बूच हरवलंय, वर एक बशी पालथी घालतात. तुम्ही कधी चष्मा करायला आलात आणि तहान लागली असेल तर निःसंकोच घ्या. पाणी रोज ताजं भरतात. फक्त एक करा. पिण्याआधी पेला सवयीने नाकाशी नेऊ नका. काउंटरमागे ते काम करत असतात, पण त्यांचं लक्ष असतं.