डाव्या हाताने दिलेलं पातेलं

"नाही घेणार," कोसिवा मावशी म्हणाली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

पातेलं हवेतच होतं. वीस लिटरचं, अ‍ॅल्युमिनियमचं, नुकतंच साच्यावरून उतरलेलं. आमच्या नव्या यंत्राच्या हाताने ते काठाला धरून तिच्यासमोर आणलं होतं आणि कुणी घेईपर्यंत थांबायचं, असं त्याला शिकवलेलं असल्यामुळे तो थांबला होता. मावशीच्या मागे तेरा बायका उभ्या होत्या. एकीने पाऊल पुढे टाकलं असेल तर शपथ.

"मावशी, घ्या ना," यंत्र बसवणारा एको म्हणाला. "नुसतं धरा. धरलंत की तो आपोआप सोडतो."

"सोडेल की! पण देतोय कुठल्या हाताने ते बघ आधी. अठ्ठावन्न वर्षांची झाले मी. माझ्या नवऱ्याने कधी मला डाव्या हाताने मीठ दिलं नाही, आणि हा लोखंडाचा मेला कोण लागून गेला?"

बायका खुदखुदल्या. तेवढ्यात कारखान्याचे व्यवस्थापक लार्ते साहेब आले. "अहो बाई, यंत्र आहे ते! एकच हात आहे त्याला. त्यात डावा कुठला नि उजवा कुठला?"

"मग साहेब, तुम्ही त्याच्या जागी उभे राहा, आणि तो देतो तसं मला देऊन दाखवा."

साहेब खरोखरच उभे राहिले. यंत्राचा हात खांबाच्या डाव्या बाजूने वळसा घालून येत होता. साहेबांनी तसा उजवा वळवून पाहिला, तो काही वळेना. नकळत डावा पुढे आला आणि मावशीच्या तोंडासमोर गेला. चटका बसल्यासारखा त्यांनी तो मागे घेतला. बायका पोट धरून हसल्या. साहेब मात्र हसले नाहीत, आणि मला तिथेच धाकधूक सुरू झाली.

मी देदे. तारा जोडते, यंत्रं चालवणाऱ्या बटणांच्या पेट्या बसवते. तेमा बंदरातल्या कारखान्यांमध्ये यंत्रं बसवून देणारी आमची छोटी कंपनी आहे, तिथे अकरा वर्षं मी एको क्वान्साच्या हाताखाली काम केलं. हाताखाली म्हणायचं एवढंच, त्याने कधी मला हाताखालचं मानलं नाही. केप कोस्टचा माणूस, बावन्न वर्षांचा, बोलायला मऊ. साबण, खिळे, बिस्किटं, बाटल्यांची झाकणं, सगळ्या कारखान्यांत त्याने यंत्रं उभी केली. यंत्र यायच्या आधी महिनाभर तो कामगारांमध्ये बसायचा. कोण कसं वाकतं, कोण कुठे घाम पुसतं, सगळं वहीत लिहायचा. त्यांच्याबरोबर जेवायचा. "दुसऱ्याचं काम शिकायचं तर त्याच्या ताटात जेवावं लागतं," हे त्याचं नेहमीचं. मग यंत्र सुरू व्हायचं आणि आम्ही निघायचो. त्यानंतर त्या कारखान्याच्या फाटकावरून तो कधी जायचा नाही. मैलभर वळसा पडला तरी चालेल. मी चिडवायचे, "काय रे दादा, तिथे उधारी ठेवलीयस काय?" तो हसायचा नाही.

इथे, या पातेल्यांच्या कारखान्यात, तर त्याने शब्द दिला होता. म्हणजे लार्ते साहेबांनी त्याला दिला, त्याने बायकांना. यंत्र फक्त जड पातेली उचलेल, बोटं कापणं थांबेल, माल वाढेल, आणि चौदाच्या चौदा जणी कामावर राहतील. तोंडी सगळं. कागद कुठेच नाही.

त्या सोमवारी साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. "बुधवारी चाचणी. तोवर बायांनी पातेली घेतली तर ठीक. नाहीतर घरी पाठवतो सगळ्यांना, नव्या पोरी आणतो. डावा-उजवा म्हणे! विसावं शतक संपून किती वर्षं झाली?"

"साहेब, रस्ता बदलता येईल हाताचा. एक दिवस लागेल," एको म्हणाला.

"आणि मुख्य कचेरीला काय सांगू? बायांनी नाक मुरडलं म्हणून यंत्र बदललं? माझी शोभा करायची आहे का तुला?"

बाहेर आल्यावर एको त्या यंत्राभोवती गरागरा फिरत राहिला. घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट केले, पुसलेली स्क्रीन पुन्हा पुसली. माझं डोकं उठलं.

"दादा, एका जागी थांब बघू. आणि मला सांग, तू आपल्याच मातीतला ना? गोऱ्यांच्या देशातून कुणी आला असता तर समजलं असतं. तुला कसं नाही दिसलं?"

तो थांबला. इकडे तिकडे पाहून म्हणाला, "देदे, मी डावखुरा आहे."

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी या माणसाला उजव्या हाताने जेवताना, सही करताना, चहाचा पेला देताना पाहत होते.

"आजी माझा डावा हात फडक्याने कमरेला बांधायची. शाळेत त्याच हातावर छडी. डावा हात वापरणं सुटलं. पण एकटा असलो की हात आपल्या जागी जातो. रविवारी कारखाना रिकामा होता. या यंत्राला मनगट धरून शिकवावं लागतं ना, एकदा फिरवलं की ते तसंच लक्षात ठेवतं. मी कुठल्या हाताने धरलं, माझ्या लक्षातही आलं नाही."

म्हणजे तो हात यंत्राचा नव्हताच, एकोचा होता. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी म्हटलं, "मग झालं तर. बायांचा हट्ट नाही, यंत्राचा दोष नाही, चूक तुझी. साहेबांना तेच सांग, त्यांची अब्रू वाचते. आणि बायांची माफी माग. रीतसर."

ही अक्कल माझी. एकोची नाही, माझी. ते मी आजही लपवत नाही.

मंगळवारी सकाळी साहेबांना सांगितलं. चूक बाहेरच्या माणसाची निघाली म्हटल्यावर ते खूश झाले, लगेच दुरुस्तीला परवानगी दिली. दुपारी केंकी-मासळीची, म्हणजे मक्याचे उंडे नि मासे जेवायची, सुट्टी झाली, बायका भिंतीच्या सावलीत बसल्या. मी माल्टच्या पेयाच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन पुढे झाले, मागे एको, मान खाली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांची माफी कुणी स्वतःच्या तोंडाने मागत नाही, मध्ये माणूस लागतो.

"मावशी, सगळ्या जणी ऐका," मी म्हणाले. "हा एको क्वान्सा. उभा आहे इथे, पण आज त्याला तोंड नाही, त्याचं तोंड मी. तो म्हणतो, माझा हात जन्मापासून डावा. मी तो आयुष्यभर लपवला आणि नेमका तुमच्यासमोर उघडा पडला. मी तुमच्या ताटात जेवलो आणि तुमचा अपमान केला. यंत्राला काही कळत नाही. तुम्ही रागावलात ते बरोबरच. माझी चूक पदरात घ्या."

बायकांच्या बाजूने अफी उठली. चौदा जणींत सगळ्यात लहान, कामाला लागून जेमतेम वर्ष झालेली, पण जिभेला धार. "आम्ही ऐकलं. आता मावशीच्या कानावर घालते," असं म्हणून तिने माझं सगळं भाषण मावशीला पुन्हा ऐकवलं. मावशी दोन हातांच्या अंतरावर बसली होती आणि पहिल्यांदाच सगळं ऐकून झालं होतं तिचं, पण रीत ती रीत.

मी जीव तोडून बोलले होते. दोघी-तिघींनी डोळे पुसले. मावशीचा चेहरा मात्र हलला नाही. ती फाटकाकडे बघत होती. समोरच्या बाटल्यांना तिने हात लावला नाही. मला मनातून राग आला तिचा. एवढी रीतसर माफी, मध्यस्थ आणलेला, बाटल्या आणलेल्या. अशी माफी नाकारली तर नाकारणाऱ्याचंच तोंड काळं होतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं?

ठाऊक होतं तिला. म्हणून तर तिने बाटली उचलली, एक घोट घेतला आणि अफीकडे दिली. "ऊठ बाबा. झालं," ती म्हणाली.

त्या दुपारी एकोने उजव्या हाताने यंत्राचं मनगट धरलं. नऊ वेळा चुकला, दहाव्यांदा जमलं. आता पातेलं उजवीकडून, काठ किंचित वर करून, अगदी अदबीने पुढे यायचं. अफी म्हणाली, "अगं बाई, हा तर सासुरवाडीला आल्यासारखा वागतोय!" सगळ्या हसल्या, एकोही हसला. घरी जाताना त्याने स्वतःहून मला तळलेली केळी घेऊन दिली.

बुधवारी चाचणी झाली. साहेब घड्याळ घेऊन उभे राहिले. यंत्र दर बावीस सेकंदांनी पातेलं देत होतं. बायका ते घ्यायच्या, पुसायच्या, ओरखडा बघायच्या, मध्ये कागद घालून एकात एक बसवायच्या, दोरीने बांधायच्या. पाव तासाने साहेबांनी एकीच्या खांद्यावर बोट ठेवलं. "तू जरा बाजूला हो." तेरा जणी राहिल्या. काम अडलं नाही. पुन्हा पाव तासाने एक बाजूला झाली. बारा. मग अकरा.

एको माझ्याशेजारी होता. त्याचे ओठ हलत होते. पातेली साचू देत, एवढंच तो पुटपुटत होता. पण साचत नव्हती. त्या बायका इतक्या सरावलेल्या की एक कमी झाली की दुसरी तिचं काम उचलायची. कमी माणसांत काम होतं हे आपणच सिद्ध करतोय, हे एव्हाना त्यांनाही कळलं असेल, पण हात थांबत नव्हते. दहा झाल्या. नऊ झाल्या.

"दादा, वेग वाढव," मी त्याच्या कानात म्हणाले. "किंवा बिघड काहीतरी. तुझ्या हातात आहे."

त्याने पेटीवर हात ठेवला. ठेवला आणि तसाच राहिला. त्या माणसाच्या हातून वाईट काम होतच नाही, हेच त्याचं दुखणं होतं. आणखी एक बाजूला होऊन आठ उरल्या, तेव्हा पातेली साचली. साहेबांनी घड्याळ बंद केलं आणि कागदावर लिहिलं, नऊ.

संध्याकाळी मावशी नळावर हात धूत होती. एको तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, या वेळी मध्यस्थाशिवाय.

"मावशी, साहेबांनी मला शब्द दिला होता."

"दिला असेल." ती हात धूत राहिली. "शुक्रवारी कामगार संघटनेचा माणूस अक्राहून येणार आहे. चाचणीच्या आधी चौदाचा आकडा कागदावर घालून घेणार होता. साहेबाच्या हातात घड्याळाचा आकडा नसता, तर त्याला चौदा लिहावेच लागले असते. मला चार दिवस ढकलायचे होते, बस."

"म्हणजे डावा हात..."

"डाव्या हाताचा राग आलाच होता मला, खोटं नाही. पण राग काय, दुपारी जेवले की जातो. मी तो सांभाळून ठेवला होता."

"साहेब तर घरी पाठवणार होते तुम्हाला!"

"चौदा जणींना? आणि ओरखडा कोण बघणार? साहेबाची आई?" तिने नळ बंद केला. "तो धमकी देत होता, मी वेळ काढत होते. आमचं चाललं होतं. मग तू माफी घेऊन आलास."

एको म्हणाला, "मला सांगायचं होतं ना, मावशी."

"तू चांगला आहेस रे. पण तू त्यांचा माणूस की आमचा, हे महिनाभर एका ताटात जेवूनही मला कळलं नव्हतं. तुला तरी माहीत आहे का?"

मी बाजूला उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून मोकळं होता येतं, पण भाषण मी केलं होतं. बायकांना रडवलं मी. मावशीला तिच्याच रीतीत पकडून तिचं 'नाही' काढून घेतलं, तेही मीच.

शुक्रवारी संघटनेचा माणूस आला, साहेबांनी घड्याळाचा कागद पुढे ठेवला आणि नऊचा आकडा पक्का झाला. पाच नावं द्यायची होती. शेवटी लागलेल्या पाच जणी आधी जातात, हा नियम. त्यात अफीचं नाव पहिलं. कोसिवा मावशीने ते नाव खोडायला लावलं आणि तिथे स्वतःचं घातलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमची दोनच वर्षं उरली आहेत, कशाला?" ती म्हणाली, "माझी दोन, तिची अडतीस. हिशेब तुम्हाला येतो ना?"

महिनाअखेरीला आम्ही यंत्राची शेवटची सही घ्यायला गेलो. एकोने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सही झाली, तरी तो गाडीत बसेना. कामाच्या जागेच्या दाराजवळ उभा राहिला, म्हणून मीही राहिले.

तीनची शिट्टी झाली. यंत्राने शेवटचं पातेलं अफीच्या हातात दिलं आणि ते आपल्या जागी जाऊन थांबलं. अफीने पातेलं बांधलं, दोरी तोडली. दिवसभराची धातूची धूळ डोक्याच्या फडक्यावर बसते. तिथली सवय अशी की शिट्टी झाली की आधी कोसिवा मावशी फडकं सोडून झटकणार, मग बाकीच्या. एकवीस वर्षं असंच चाललेलं.

बाहेर बसवाल्याने भोंगा वाजवला. नऊ जणी एका रांगेत उभ्या होत्या, डोक्याला फडकी तशीच बांधलेली, कुणीच गाठ सोडत नव्हतं. बसवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला.