मध्यंतराची अक्षरं

धोंडबाने चादरीचं खालचं टोक ओढून विटेखाली दाबलं आणि मागे सरून पाहिलं. डावीकडे सुरकुती राहिलीच होती. दर पौर्णिमेला ती तिथेच राही आणि पडद्यावरच्या नदीत एक उभी रेघ पडे. त्याने वीट काढली, पुन्हा ओढलं, पुन्हा दाबली.

“रवींद्र येऊन नाही राहिला आज,” विहाराच्या पायरीवरून चंद्रभान म्हणाला. प्रोजेक्टरची पेटी त्याच्यासमोर उघडी होती. “साळ्याच्या लग्नाले कामठीले गेला. मले सांगून गेला, बटन दाबायचं अन् चाक फिरते का पाहायचं.”

“मधात बंद नको पाडू म्हणजे झालं.”

“मशीन बंद पडलं तं पडलं. तुमचं तोंड चालू राह्यते ना जी.”

धोंडबा हसला. पण त्याचं लक्ष चादरीवरही नव्हतं आणि चंद्रभानवरही नव्हतं. दुपारचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

इंदोऱ्यातल्या या लहानशा विहाराला तो प्रोजेक्टर जपानी पाहुण्यांनी दिला होता. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आलेले ते लोक एक संध्याकाळ वस्तीत येऊन गेले आणि जाताना मशीन आणि दोन चपट्या डब्यांतला एक सिनेमा ठेवून गेले. सिनेमा चित्रांचा होता. हाताने काढलेली माणसं, हाताने काढलेली नदी, आणि सगळं बोलणं जपानी. पहिल्या खेळाला लोक काही वेळाने उठायला लागले. तेव्हा धोंडबाने विहारातला भोंगा उचलला आणि पडद्यावर जे दिसत होतं त्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मिलच्या मागखात्यात त्याची उमर गेली होती. यंत्रांच्या वर आवाज कसा काढायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. लोक खाली बसले. तेव्हापासून गोष्ट त्याची झाली.

गोष्ट अशी होती. नदीकाठी एक घर. आईच्या मांडीवर ओल्या केसांची मुलगी, शेजारी बाप, आणि पाहुणा म्हणून आलेला नावाडी. सगळे भात खात आहेत. कुंपणाबाहेर पांढऱ्या कपड्यातली एक म्हातारी हातात दिवा घेऊन उभी आहे. ती गुपचूप येते, पायरीवर एक लाल चप्पल ठेवते आणि निघून जाते. “करणी करून गेली,” धोंडबा भोंग्यातून सांगे. पलीकडच्या काठावर तिचा दिवा विझतो. मग पडद्यावर जपानी अक्षरं येत. त्यांना धोंडबाने मध्यंतर असं नाव दिलं होतं. चंद्रभान चहा वाटे आणि रवींद्र दुसरा डबा चढवी. त्यातही आधी अक्षरंच असत. मग पूर येई, मुलगी पाण्यात वाहत जाई, नावाडी माणसं आणायला जाई आणि दिवेवाली म्हातारी पाण्यात हात घालून मुलीला उचलून जंगलात नेई. तिथे सिनेमा संपे.

विहाराच्या किल्ल्या सांभाळणारे रामाजी एकदा म्हणाले होते, “विहारात करणीची गोष्ट शोभत नाही गा, धोंडबा. आपण ते सगळं सोडलं.”

“पोट्ट्याइले मजा येते, रामाजी. खेळ हाय तो.”

खेळ तिथे थांबला नाही. त्यातलं कोण कोणासारखं, हे ठरवायचा दुसरा खेळ अंगणात सुरू झाला, आणि ठरवणारा धोंडबाच होता. रामाजी म्हणजे दगडावर डुलक्या घेणारं कासव. चंद्रभान म्हणजे विनाकारण भुंकणारा कुत्रा. नावाडी त्याने स्वतःकडे ठेवला होता. कोणाच्याही दारावर थाप मारली आणि आतून “कोण?” असं आलं की तो म्हणे, “नावाडी.” गल्लीच्या टोकाला राहणारी भीमाबाई दिवेवाली झाली. तिला ते नाव फारच बसलं. वस्तीत कोणाकडे बाळ झालं की न्हाऊ घालायला तीच जायची, तेही पहाटे, कंदील घेऊन. अंगणभर हशा झाला होता. भीमाबाईही हसली होती.

पुढे शामलाने दुसऱ्या बाळाच्या वेळी तिला बोलावलं नाही. मग मनकर्णाच्या घरीही तिच्या सासूनेच न्हाऊ घातलं. कारण कोणी सांगितलं नाही.

आता धोंडबाच्याच घरी नातू झाला होता. सकाळी आंघोळ घालताना तेलाने निसटून बाळ त्याच्या बायकोच्या, अंजनाबाईच्या, पायांवरून घसरलं. गोपिकाने, त्यांच्या सुनेने, वरच्यावर झेललं म्हणून फरशीवर डोकं आपटलं नाही.

“माह्या मनगटात जोर नाही राह्यला,” अंजनाबाई दुपारी नवऱ्याला म्हणाली. “उद्यापासून मी हात नाही लावत. भीमाबाईले सांगा. रविभवनाकडच्या बंगल्यातून बोलवत होते तिले एकेकाळी.”

गोपिका बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

“तिले नको, मामाजी.”

“काहून वं?”

“मी तसलं काही मानत नाही. मॅट्रिक हाय मी.” ती थोडा वेळ बाळाच्या मुठीशी खेळत राहिली. “पण तुम्ही सांगता ना, पाण्यातून तिचा हात येते म्हणून. बाळाले पाण्याजवळ नेलं की मले तोच हात दिसते.”

“अवं, ते मी जोडून सांगतो. मले कुठी जपानी येते?”

“समजते मले. दिसते तरी.”



दिवेलागणीला अंगण भरलं. गारठा होता. बायका पोत्यांवर बसल्या, पोरं पडद्याच्या अगदी पुढ्यात. भीमाबाई नेहमीप्रमाणे मागे, भिंतीच्या कडेला. धोंडबाने भोंगा तोंडाला लावला. चंद्रभानने बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली.

“अबे, थांब,” धोंडबा म्हणाला. “हे मध्यंतर हाय. लाल ठिपक्याचा डबा आधी लावायचा राह्यते.”

“मले काय माहीत? वरचा होता तो लावला.”

“मंग चहा द्या आधी,” मागून कोणीतरी म्हणालं आणि अंगण हसलं. तोवर पूर सुरू झाला होता. डबा बदलायचा तर पोरं पांगली असती. धोंडबाने हाताने खूण केली, चालू दे.

त्याने पाठ असलेलं बोलायला घेतलं. पाणी चढलं. मुलगी वाहत आली, तिच्या एका पायातली लाल चप्पल सुटली. नावाडी आला, त्याने पाहिलं आणि नाव वळवली.

“नावाडी माणसं आणाले गेला!”

हे वाक्य त्याने किती पौर्णिमांना म्हटलं होतं. आज पुढचा डबा शिल्लक होता, म्हणून तो पहिल्यांदाच माणसांची वाट पाहत राहिला. म्हातारीचा हात पाण्यात गेला. आधी चप्पल वर आली, ती तिने कमरेला खोचली. मग मुलगी वर आली. मुलीला पाठीवर घेऊन, दिवा पुढे धरून ती जंगलात शिरली. पडदा पांढरा झाला.

माणसं आली नव्हती.

चंद्रभान दुसरा डबा चढवत असताना धोंडबा भोंगा हातात धरून उभा होता. चहा कोणी मागितला नाही. पुन्हा चित्र आलं. घर, आईच्या मांडीवर मुलगी. तिचे केस ओले होते. आईनं न्हाऊ घातलं म्हणून ओले, असं तो सांगत आला होता. मुलीचा एक पाय उघडा होता. बाप नावाड्यापुढे वाकून त्याच्या वाटीत भात वाढत होता, आणि नावाडी खाली मान घालून खात होता.

कुंपणाबाहेर दिवा दिसला. म्हातारी आली, पायरीवर चप्पल ठेवली आणि गेली.

भोंगा धोंडबाच्या छातीपर्यंत खाली आला होता.

“चप्पल वापस देली तिनं,” पुढ्यातली एक पोरगी शेजारणीला म्हणाली. अंगणात इतकी शांतता होती की ते भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

दिवा विझला. अक्षरं आली आणि चाक मोकळं फिरत राहिलं. संपलं असं कोणाला सांगावं लागलं नाही, लोक आपले आपण उठले. भीमाबाईने पोतं झटकलं, घडी घातली आणि ती निघाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शामला तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच परत आली.

“आज मधातच गप झाले गा,” रामाजी म्हणाले. “घसा बसला का?”

“हो.”

चंद्रभान डबे पेटीत ठेवत होता. “रवींद्र बोंबलन आता. उलटं लागलं ना जी?”

धोंडबाने एक डबा हातात घेतला. झाकणावर रवींद्रने लावलेला लाल ठिपका होता. अंगठ्याने घासून पाहिला, तो निघाला नाही.

“उलटं नाही लागलं,” तो म्हणाला.

सकाळी अंजनाबाईने चुलीवर पाण्याचा गंज ठेवला आणि ती बाजूला जाऊन बसली. धोंडबा ओसरीवर बिडी न पेटवता बसला होता. गोपिका बाळाला कुशीत घेऊन बाहेर आली. तिने पाट आडवा टाकला, तेलाची वाटी त्याच्याशेजारी ठेवली. मग टॉवेल आणला. पाटावर मात्र ती बसली नाही.

“मामाजी,” ती म्हणाली, “पाणी तापून राहिलं.”

तो उठला. गल्लीत नळावर गर्दी होती. कोणीतरी “काय, नावाडी?” म्हणून हाक मारली, त्याने नुसता हात वर केला. टोकाच्या घराचं दार बंद होतं. कंदील खिळ्याला टांगलेला होता, काच स्वच्छ पुसलेली. त्याने कडी वाजवली.

“कोण हाय?” आतून भीमाबाईने विचारलं.

या प्रश्नाचं त्याचं उत्तर वस्तीतल्या पोराठोरांना पाठ होतं. आज ते तोंडाशी यायला वेळ लागला.

“नावाडी,” तो म्हणाला.

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“माणसं आणाले गेले होते ना तुम्ही,” भीमाबाई म्हणाली. “लय वेळ लावला, भाऊ.”

आणि तिने आतली कडी काढली.