पोस्टमनच्या पायातली कल्हई

मित्रांनो, मी एक जुनी प्लेट आहे. पोहे खायची नव्हे. पोह्यांचा मला काहीच अनुभव नाही. मी मोडलेलं हाड धरून ठेवायची स्टीलची प्लेट. बोटाएवढी रुंद, वितीपेक्षा जरा कमी लांब, अंगावर ओळीनं सहा भोकं. सध्या मी पिंगळीजवळच्या एका खेड्यात खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली आहे. वारा आला की मी गजावर वाजते. पाहुणे विचारतात, "हे काय लावलंय?" घरधनीण कस्तुराबाई सांगतात, "ह्यांच्या पायातली हाय." मग पाहुणे चहा अर्धाच पितात.

माझा जन्म लांबच्या कारखान्यात झाला. तिथं मला घासून घासून आरसा केलं. घासणारा म्हणाला, "गुळगुळीत राहा बाई, म्हणजे शरीर तुला सांभाळून घेईल." मी समजले, माझं रूप बघून शरीर भुलणार. मित्रांनो, हा माझा गैरसमज बरीच वर्षं टिकला. खरं सांगायचं तर तो गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आला.

परभणीला डॉक्टर व्यंकटरावांच्या दवाखान्यात मी पत्र्याच्या डब्यात पडून होते, तेव्हाच तिकडं गंगाखेडच्या एस.टी. स्टँडवर माझं नशीब ठरत होतं. आमचा चंद्रभान पोस्टमन. पिंगळी स्टेशनावरून टपालाची पिशवी घ्यायची आणि आसपासची गावं पायी हिंडायची, हे त्याचं काम. बाजारच्या दिवशी तो गंगाखेडला गेला होता. परतीची गाडी लागली तशी त्यानं खिडकीतून आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, सीटवर टाकली. जागा धरायची तिकडची हीच रीत. आतल्या एका जाड बाईनं दस्ती उचलली, नाक पुसलं आणि जागेवर बसली. चंद्रभान संतापून चाकावर चढला, खिडकीत डोकं घालून म्हणाला, "मावशी, ती जागा माझी हाय!" तेवढ्यात गाडी सुटली. डोकं गाडीबरोबर निघालं, पाय मागं राहिले. नडगीचं हाड मधोमध मोडलं.

ऑपरेशनला रक्त लागलं. गट जुळला तो गावातल्या भगवानराव गुरुजींशी. गुरुजी बौद्धवाड्यातले. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा धुमसत होता, एकाच गावात माणसं एकमेकांकडं न बघता जात. विद्यापीठाला जाणाऱ्या पत्रांवर कुणी जुनं नाव लिही, कुणी नवं. चंद्रभान दोन्ही एकाच पिशवीत टाकी. म्हणे, "पोचायचं एकाच जाग्यावर हाय." गुरुजी सायकलवर आले, बाही वर केली आणि म्हणाले, "घ्या डॉक्टर. माझी मनीऑर्डर ह्याच्याच हातानं येती. हा उठला न्हाई तर ती आबासाहेबाच्या भाच्याच्या हाती पडंल."

हीच खरी धास्ती होती. आबासाहेब गावचे सरपंच. चंद्रभान पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिशवी भाच्याच्या खांद्यावर अडकवली. पाय नीट झाला नाही तर ती परत येणार नव्हती, आणि पिशवीशिवाय त्या घरात दुसरं काही नव्हतं.

आता ऑपरेशन. मला हाडावर ठेवलं. पाच स्क्रू बसले, सहावा कंपाउंडर नागनाथच्या चिमट्यातून निसटला आणि टणटण उड्या मारत मोरीत गेला.

"स्क्रू!" डॉक्टर हात पुढं करून ओरडले. "नागनाथ, स्क्रू!"

नागनाथनं डबा बघितला. रिकामा. त्यानं खिसे चाचपले. मग त्याची नजर गेली कोपऱ्यातल्या टेबलफॅनवर. त्यानं पंख्याचा एक स्क्रू काढला, चकचकीत होता बिचारा, उकळत्या पाण्यात जिलबीसारखा बुडवून काढला आणि दिला डॉक्टरांच्या हातात. "हे घ्या साहेब."

डॉक्टरांनी न बघता पिळला. "जरा घट्ट जायलाय."

"नवा हाय न साहेब," नागनाथ म्हणाला.

मी ओरडून सांगत होते, पण प्लेटचं कोण ऐकतं? त्या दिवसापासून दवाखान्याचा पंखा खडखडायला लागला, तो आठ महिने खडखडत राहिला.

मग मला रक्त भेटलं. मित्रांनो, इथून पुढं माझा जो गोंधळ उडाला, तो आजतागायत बसलेला नाही.

आधी आलं पाणी. त्याच्यामागं, पापणी लवायच्या आत, प्रथिनं. रक्तात ती असंख्य असतात. पुढं आली बारीक चणीची, चपळ. धपाधप माझ्या अंगावर दस्त्या टाकल्यासारखी बसली. मी म्हटलं, चला, हेच आपले सोयरे. ओळख काढावी म्हणून तोंड उघडलं, तोवर मागून जाडजूड आली. सावकाश येणारी, पण एकदा टेकली की न हलणारी. "सरका!" बारीक उठली, जाड बसली. गंगाखेडला ज्या भांडणापायी ह्या माणसाचा पाय मोडला, तेच भांडण आता त्याच्याच पायात, माझ्याच अंगावर सुरू! ह्यातलं चंद्रभानचं कोण आणि गुरुजींचं कोण, मी विचारून पाहिलं. कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याला त्याला बसायला जागा हवी होती.

बघता बघता मी सगळी झाकली गेले. माझा आरसा गेला, घासाई गेली. नंतर शरीराच्या पेशी आल्या, तर त्यांनी मला पाहिलंच नाही! त्या माझ्यावर बसलेल्या प्रथिनांनाच चाचपत होत्या. नवरीचं तोंड न बघता लुगड्याचा पोत चोळून "सून बरी हाय" म्हणावं, तसं. मी गुळगुळीत होते म्हणून प्रथिनं माझ्यावर बऱ्यापैकी शिस्तीत बसली होती. म्हणून पेशी शांत राहिल्या. त्यांनी माझ्याभोवती पातळ गोधडी विणली आणि आपापल्या कामाला गेल्या. म्हणजे मला आपलं मानलं, की गुंडाळून बाजूला ठेवलं? मला कळेना.

इकडं बाहेर चंद्रभानच्या बायकोनं, म्हणजे कस्तुराबाईंनी, पलंगाचा ताबा घेतला होता. पहिल्या दिवशीच त्यांनी डॉक्टरांना गाठलं.

"डॉक्टरसाहेब, ह्याला कल्हई कवा करायची?"

"कशाला?"

"आतल्या पट्टीला. आमी पितळंच्या भांड्याला वर्साला करतो. न केली तर ताक कळकतंय, माणसाला मळमळतंय. हितं तर तुमी रक्तातच ठिवली."

डॉक्टर हसले. "बाई, स्टील आहे ते. त्याला काही होत नाही."

"तसं तर बोहारणीबी म्हनतात," कस्तुराबाई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी गेल्यावर आंबट बंद. ताक नाही, चिंच नाही, लिंबू नाही. आणि अंबाडीची भाजी तर अजिबात नाही. चंद्रभानचा जीव अंबाडीत. लसणाची फोडणी दिलेली अंबाडी आणि ज्वारीची भाकरी, यासाठी तो पावसातसुद्धा टपाल लवकर संपवायचा. आता रोज वरण.

"अगं, पट्टी पायात हाय, पोटात न्हाई!"

"पोटातलंच पायात उतरतंय. माझ्याशी वाद घालू नगा. पिशवी पायजे का अंबाडी?"

चंद्रभान वरणात भाकरी कुस्करी. पण कुबड्या आल्या तशी गुरुजींची तब्येत बघायच्या निमित्तानं त्याची तिकडं जा-ये वाढली. गुरुजींच्या पत्नी सरजाबाई अंबाडी फार छान करायच्या.

आणि पाय सुजायला लागला.

मित्रांनो, आत काय चाललं होतं ते मी सांगते. तो पंख्याचा स्क्रू! वरून चमक, आत साधं लोखंड. आत पिळतानाच त्याचा मुलामा खरवडला होता. शरीरातलं पाणी खारट असतं. झालं, गडी गंजायला लागला. त्याच्या खरखरीत अंगावर प्रथिनं वाकडीतिकडी बसली, ती बघून पांढऱ्या पेशी बिथरल्या. गंज खायला धावल्या, खाता येईना. मग बऱ्याच जणी मिळून एकच ढोली पेशी झाली आणि तिनं स्क्रूला मिठी मारली. तरी खाता येईना. नुसता कल्लोळ. मला मात्र वाटत होतं हे सगळं माझ्यामुळं. मी परकी म्हणून मला हाकलायला निघालेत. मी चोरासारखी अंग आकसून बसले. पण स्टील आकसत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

चंद्रभाननं सूज लपवली. लपवली कारण त्याला कारण पक्कं ठाऊक होतं: अंबाडी. धोतर खाली ओढून बसायचा. पण त्यातून पू झिरपला आणि कस्तुराबाईंनी धोतर वर केलं.

"कवापासून हाय हे?"

चंद्रभान छताकडं बघायला लागला.

"खाल्ली का न्हाई? खरं सांगा."

"थोडी."

"थोडी किती?"

"गुरुजीकडं... म्हंजे... जवा जवा गेलो तवा."

कस्तुराबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "कल्हई गेली." चंद्रभानचाही त्यावर पूर्ण विश्वास बसला. तो मात्र रडला. त्याच आठवड्यात आबासाहेबांच्या भाच्यानं तेराव्याचं पत्र लग्नघरी दिलं होतं आणि लग्नाची पत्रिका दुखवट्याच्या घरी. तरी आबासाहेब पारावर म्हणत होते, "पोरगा तयार व्हायलाय."

गुरुजींनी बैलगाडी जुंपली आणि स्वतः हाकली. नामांतराच्या बंदमुळं एस.टी. थांबली होती. परभणीच्या वेशीवर टोळक्यानं अडवलं. "कोणच्या बाजूचे तुमी?" गुरुजी काही बोलायच्या आत कस्तुराबाई गाडीतून म्हणाल्या, "पायाच्या!" टोळकं इतकं गोंधळलं की त्यानं वाट दिली.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि हसणं विसरले. "पू हाडात उतरला असेल तर पाय ठेवता येणार नाही."

"काडा ती पट्टी," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर जे निघंल ते मला दावायचं. सगळं."

पाय उघडला. गोधडी बाजूला सारली तर मी दिसले तशीच, लख्ख. हाड जुळलेलं होतं, पू वरच्यावरच होता. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाच स्क्रू स्वच्छ निघाले. सहावा आला तो तांबडा-काळा, कुजक्या दातासारखा. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, फिरवला, त्याच्या डोक्याकडं पाहिलं. कोपऱ्यात पंखा खड खड खड करत होता. डॉक्टरांनी सावकाश मान वळवून पंख्याकडं पाहिलं. मग नागनाथकडं. नागनाथ मोरीकडं बघत होता.

बाहेर कस्तुराबाई पदर पसरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी ट्रे पुढं केला. त्यांनी एकेक स्क्रू निरखला आणि सहाव्यावर बोट ठेवलं.

"ह्याची कल्हई उडाली."

डॉक्टरांनी ट्रे खाली ठेवला. मग म्हणाले, "हो बाई. उडाली." आणि त्यांनी ऑपरेशनचा एक पैसा घेतला नाही. नागनाथनं नंतर पंख्याला सुतळी बांधली. त्याला पंख्यात बसवायला तो स्क्रू परत हवा होता म्हणे, पण मागायची छाती झाली नाही.

पाय बरा झाला. पाऊस संपायच्या सुमारास चंद्रभान काठी टेकत पिंगळीला गेला आणि भाच्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. पहिल्या दिवशी त्याला गावभर चुकलेली पत्रंच वाटावी लागली. संध्याकाळी कस्तुराबाईंनी स्वतः अंबाडी केली. "आता आत काय न्हाई. खा," म्हणाल्या. चंद्रभाननं तीन भाकरी खाल्ल्या.

मला कस्तुराबाई घरी घेऊन आल्या आणि दिवाळीच्या आधी कल्हईवाल्यापुढं पातेल्यांबरोबर ठेवलं. त्यानं भाता मारला, नवसागर टाकला, कथील फासलं. कथील थेंब थेंब होऊन घरंगळलं. पुन्हा फासलं, पुन्हा घरंगळलं. "हिला बसत न्हाई, मावशी," तो म्हणाला. कस्तुराबाई माझ्याकडं बघत राहिल्या. बसली होती हो! रक्तानं पापणी लवायच्या आत प्रथिनांची कल्हई बसवली होती, विस्तवाशिवाय, नवसागराशिवाय. त्या कल्हईवर किती भांडणं झाली आणि ती कुणाच्या रक्ताची होती, मला सांगताच आलं नाही.

बालमित्रांनो, माझं ऐकाल? वरची चमक बघून कुठलाही स्क्रू पिळू नका. काही सुजलं, ठणकलं तर धोतराखाली लपवू नका, लगेच दाखवा. अंबाडी खाल्ली असेल तरी दाखवा. आणि शरीराला जपा, ते आपल्या नकळत फार कामं करत असतं.

बाकी मला विचाराल तर मी अजून गोंधळलेलीच आहे. आठ महिने मी त्या पायात राहिले आणि मधल्या प्रथिनांमुळं तो मला एकदाही थेट भेटला नाही. मी त्याची कोण? थंडीत चंद्रभान खिडकीशी बसून नडगीला तेल चोळतो. चोळून झालं की तळहातावर थोडं तेल उरतं. तो इकडंतिकडं बघतो, हात कुठं पुसावा ते त्याला सुचत नाही. मग हात वर करतो आणि उरलेलं तेल मला चोळतो, सगळ्या भोकांतून बोट फिरवून, हळू.

"आता दुखत न्हाई न?" असं म्हणतो. पायाला म्हणतो की मला, कोण जाणे.