रिकामी बाकं

वर्षभर आम्हा लहान दवाखान्यांच्या डॉक्टरांना पुढारपण शिकवलं. दवाखाना नुसता चालवायचा नसतो, सुधारायचा असतो, असं प्रशिक्षणाचे साहेब सांगत. मी भाबडी, खरं मानलं. एकच सुधारणा धरली: सकाळी खुर्चीत बसण्याआधी सगळ्या बाकांवरून फिरायचं, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचं, ज्याला जास्त त्रास त्याला आधी आत घ्यायचं. नंबर गेला चुलीत. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या. पुढे लोकच सांगू लागले, "बाई, आधी हिला बघा."

साहेब इतके खूश झाले की वर्षअखेरीला माझी परीक्षा घ्यायला पाहुणे दवाखान्यातच आणले. मी त्यांच्याबरोबर आत शिरले तर बाकं रिकामी, पुसून लख्ख.

"पेशंट कुठे आहेत?"

"मागच्या अंगणात बसवलेत," साहेब हळूच म्हणाले. "तासाभराचा प्रश्न आहे. गर्दीत सुधारणा दिसत नाही हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरी लपवून लग्न लावायला निघाले होते!

"मग दाखवू काय, बाकं?"

"बाई, पाहुणे ऐकतायत."

ऐकू देत. मी तरातरा जाऊन मागचं दार उघडलं.

सगळे उन्हात चिडीचूप. नर्स तोंडावर बोट ठेवून उभी. आणि भिंतीशी माझे सासरे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. शर्ट घामाने चिंब, हात छातीवर, चेहरा राखेसारखा.

"बाबा! कधीपासून दुखतंय?"

"आल्यापासून," शेजारची म्हातारी रडवेली झाली. "तुम्हाला हाक मारत होतो, तर हेच म्हणाले, गप्प बसा."

"तुझा मोठा दिवस, सूनबाई," ते पुटपुटले. "म्हटलं, घरच्यांमुळे गोंधळ नको."

इतका राग मला कधी आला नव्हता. साहेबांचा, नर्सचा, माझ्या भल्यासाठी मुकी झालेल्या त्या सगळ्या शहाण्यांचा, आणि सगळ्यात जास्त या म्हाताऱ्याचा. वर्षभर यांना बोलायला शिकवलं, आणि हे माझ्या मायेपोटी गप्प बसले!

गोळी चघळायला दिली. फाटकात साहेबांचीच गाडी आडवी होती.

"गाडी काढा."

"अहो, पण पाहुणे..."

"पुढारपण शिकवलंत ना? मग बाबांना या बाजूने उचला!"

उचललं त्यांनी. मोठ्या हॉस्पिटलच्या रस्त्यावर साहेब गाडी चालवत होते, बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मधेच डोळे उघडले.

"पास झालीस का गं?"

"झाले, बाबा," मी खोटं बोलले.

ते हसले. हॉस्पिटलचं फाटक दिसायच्या आतच त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला. मी छाती दाबत राहिले, साहेबांवर ओरडत राहिले. काही उपयोग झाला नाही.

परीक्षेत मला नापास केलं. बरं झालं. बाकं पुन्हा भरलेली असतात. सकाळी मी फिरते, पण आता कुणाला काय होतंय हे नंतर विचारते. आधी दारातूनच ओरडते, "गप्प कोण बसलंय?"